विंचच्या दोराचे दोन पेड तुटल्यावर

आपली अडचण थोडक्यात अशी आहे. गाडीच्या विंचवर, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्रावर, 10 मिलिमीटर जाडीचा, सुमारे 28 मीटर लांबीचा सिंथेटिक दोर आहे. हुकापासून साधारण 6 मीटरवर तो खडकाच्या कडेवर घासला गेला आणि त्याच्या बारा पेडांपैकी दोन पेड एकाच जागी तुटले. शिवाय ड्रमकडचा, म्हणजे दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या रिळाकडचा, शेवटचा दीड-दोन मीटरचा भाग कडक आणि चकचकीत झालेला दिसतो. सोबतच्या एकाने तुटका भाग कापून दोन्ही टोकांची घट्ट गाठ मारण्याचा सल्ला दिला आहे, आणि दोर दुरुस्त करावा की टाकून द्यावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा दोर बहुधा वाचेल, मात्र गाठीने वाचणार नाही; आणि ज्या दोन पेडांमुळे आपण धास्तावला आहात, त्यांच्यापेक्षा मला ड्रमकडच्या त्या चकचकीत भागाची काळजी अधिक वाटते.

आधी गाठीचा विषय संपवू. हा दोर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या धाग्यांचा असतो. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावे आहेत. तो पाण्यावर तरंगतो, तेवढ्याच जाडीच्या पोलादी दोराच्या तोडीचा भार घेतो, आणि 30 मीटरचे भेंडोळे दोन किलोच्या आतच भरते. पण हा धागा अतिशय बुळबुळीत असतो. सुती किंवा नायलॉनच्या दोराची गाठ धाग्यांच्या आपापसातील घर्षणावर टिकते, आणि नेमके तेच घर्षण इथे फार कमी असते. वर गाठीतल्या तीव्र वळणात बाहेरच्या अंगाचे पेड ताणले जातात आणि आतल्या अंगाचे सैल राहतात, त्यामुळे गाठ टिकली तरी दोराची ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. हे काम नवे असताना मी स्वतः हा उद्योग केला आहे. दुहेरी गाठ मारली, दोन्ही शेपटे हातभर लांब ठेवली, आणि चिखलात रुतलेली गाडी ओढायला घेतली. दोर तुटला नाही, आवाजही झाला नाही. गाठीतून एक शेपूट हळूहळू आखूड होत गेले, आणि ते माझ्या लक्षात येईपर्यंत सुटलेही. गाडी दोन फूट मागे घसरून थांबली, कारण मागे चिखलाचाच बांध होता. उतारावर असतो, तर हे सांगायला वेगळा प्रसंग मिळाला असता.

आता पाहणीकडे वळू. दोर ड्रमवरून पूर्ण उतरवून सरळ पसरून ठेवावा. अर्धवट उलगडून केलेली पाहणी ही पाहणी नव्हे, कारण सर्वात वाईट नुकसान बहुतेक वेळा ज्या थरावर आपली नजर कधी पडत नाही तिथेच दडलेले असते. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून दोर भिजत ठेवावा, हाताने चोळून चिखल काढावा आणि सावलीत वाळवावा. दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नये. तो वाळूचे कण बाहेर काढण्याऐवजी वेणीच्या आत ढकलतो, आणि आत गेलेला कण प्रत्येक ओढीला कानशीसारखा काम करतो. वाळल्यावर दोर दोन्ही हातांत धरून एकमेकांकडे ढकलावा, म्हणजे वेणी फुगते आणि पेडांच्या मधून आतले दिसते. आत तुटलेल्या तंतूंची पांढुरकी भुकटी किंवा बारीक रेती दिसली, तर तो भाग बाहेरून कितीही नीटस दिसत असला तरी आतून झिजलेला आहे, असे समजावे.

बाहेरून दिसणाऱ्या लवीला मात्र घाबरण्याचे कारण नाही. नवा दोर थोडा वापरला की त्याच्या अंगावर सर्वत्र बारीक लव येते आणि काही काळाने तिचे वाढणे थांबते. ती लव आतल्या धाग्यांचे संरक्षणच करते. काळजी करायची ती एकाच जागी दाट झालेल्या लवीची, किंवा जिथे दोर बोटांना अचानक बारीक लागतो त्या जागेची. डोळे मिटून सगळा दोर चिमटीतून ओढत न्यावा, ही माझी जुनी सवय आहे. जाडीतला फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो. घासून घासून एखाद्या जागी पेडांचा पाव हिस्सा गेला असेल, किंवा दोन वा अधिक पेड जवळजवळ तुटले असतील, तर ती जागा दोरात ठेवायची नाही, हा सर्वसाधारण दंडक आहे.

‘जवळजवळ’ या शब्दाला इथे महत्त्व आहे. वेणीत एक पेड तुटला तर त्याचा भार शेजारचे पेड उचलतात, आणि थोड्या अंतरानंतर तो तुटलेला पेडही इतरांच्या दाबात अडकून पुन्हा आपला वाटा घेऊ लागतो. म्हणून दहा मीटरच्या अंतराने तुटलेले दोन पेड म्हणजे दोन किरकोळ जखमा, आणि एकाच जागी तुटलेले दोन पेड म्हणजे एक मोठी जखम. आपल्या दोराचा हिशोब करून पाहा: 9,500 पौंडांची विंच ड्रमच्या पहिल्या थरावर सुमारे 4.3 टन ओढते, आणि चांगल्या प्रतीचा 10 मिलिमीटरचा दोर साधारण 8 टनांच्या आसपास तुटतो. म्हणजे नव्या दोरातही हाताशी दुपटीहून थोडी कमीच ताकद असते. बारातले दोन पेड गेले की कागदावर ती पावणेसात टनांच्या खाली येते, आणि उरलेले पेड सारखा भार घेत नसल्याने प्रत्यक्षात आणखी खाली. त्यातच गाडी दगडाला अडली किंवा दोराला हिसका बसला, तर विंचच्या ओढीहून अधिक भार क्षणभर दोरावर येतो. एवढ्या अरुंद फरकावर माणसे उभी करू नयेत.

आता त्या चकचकीत भागाविषयी. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटातच असतो. दोर भाराखाली असताना मोटार उलटी फिरवून तो सोडला, म्हणजे विंचने गाडी उतारावरून खाली उतरवली, की तो ब्रेक सतत घासत राहतो, ड्रम तापतो आणि ती उष्णता थेट पहिल्या थराला मिळते. हा धागा साधारण 145 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पण त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी, 65 ते 70 अंशांपासूनच उतरू लागते. म्हणजे ज्या ड्रमवर हात ठेववत नाही, तो दोरासाठीही चांगला नाही. मात्र कडकपणा दोन तऱ्हांचा असतो. भाराखाली ड्रमवर दाबला गेलेला दोर चपटा, ताठ आणि जरा चमकदार होतो. तो हातात धरून पुढे-मागे वाकवला, तळहातात घोळवला, तर दोन-चार मिनिटांत पेड सुटे होतात आणि दोर मऊ पडतो. तो निरोगी आहे. उष्णतेने वितळलेला भाग मात्र कितीही वाकवला तरी प्लास्टिकच्या सळईसारखाच राहतो. त्याचे तंतू एकमेकांना चिकटलेले असतात आणि नखाने वेगळे होत नाहीत. असा भाग आणि त्यापुढचा अर्धा मीटर कापून टाकावा. वितळलेपणा पहिल्या थराच्याही पुढे, सहा-आठ मीटरपर्यंत पोचलेला आढळला, तर दुरुस्तीचा विचार सोडून नवा दोर घ्यावा. अशा दोराच्या उरलेल्या भागाने किती उष्णता सोसली, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही.

ड्रमकडचे दोन मीटर खरोखरच वितळलेले निघाले असे धरून चालू. मग आपल्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, तुटलेली जागा कापून दोन्ही टोके एकमेकांत गुंफून एकच दोर करायचा. यात दीड मीटर खर्च होऊन साधारण 24 मीटर दोर उरतो. दुसरी, हुकाकडचे 6 मीटर सरळ वेगळे करायचे, उरलेल्या दोराला नवी आय करायची, आणि कापलेल्या तुकड्याच्या दुसऱ्या टोकालाही आय करून तो जोडदोर म्हणून गाडीत ठेवायचा. टोकाला धातूच्या थिंबलभोवती, म्हणजे दोर झिजू नये म्हणून आत बसवलेल्या कडीभोवती, जो कायमचा फासा असतो, त्याला सगळे आयच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. मी आपल्या जागी असतो तर दुसरी वाट धरली असती. ड्रमवर साधारण 19 मीटर दोर राहील. त्यातले आठ-दहा वेढे, म्हणजे सव्वादोन मीटर, ड्रमवर कायम राहू द्यावेच लागतात, कारण या बुळबुळीत दोराला ड्रमवर पकड वेढ्यांमुळेच मिळते, टोकाच्या स्क्रूमुळे नव्हे. तरीही सोळा-सतरा मीटरची पोच उरते. शिवाय दोराचे थर जितके कमी, तितकी विंचची ओढ जास्त, हा फायदा लोक विसरतात. लांबचे झाड गाठायचे असेल तेव्हा पाच मीटरचा जोडदोर सॉफ्ट शॅकलने, म्हणजे दोराच्याच कडीने, पुढे लावता येतो. फक्त तो जोड फेअरलीडपाशी, म्हणजे दोर ज्या चौकटीतून ड्रमकडे जातो तिथे, येण्याआधी थांबावे लागते.

आय करण्याची पद्धत पाहू. हा दोर आतून पोकळ वेणीचा असतो: सहा पेड डावीकडे जाणारे, सहा उजवीकडे. शेपूट या पोकळीत घातले की दोर ताणला जाताच वेणी लांबते, बारीक होते आणि आतल्या शेपटाला आवळते. ओढ जितकी वाढेल तितकी पकडही वाढते. सगळी ताकद या लपवलेल्या लांबीत आहे. धागा बुळबुळीत असल्याने ही लांबी दोराच्या जाडीच्या 72 पट घ्यायची असते, म्हणजे 10 मिलिमीटरच्या दोराला 72 सेंटीमीटर. मी उतरणीसाठी, म्हणजे शेपटाचे टोक निमुळते करण्यासाठी, वर आणखी आठ-दहा सेंटीमीटर घेतो. घाईत वीतभर शेपूट आत सारून केलेली आय दिसते तशीच, पण ती फसवणूक आहे.

कापताना जागेवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून, लाकडी फळीवर ठेवून, अगदी नव्या धारदार पात्याने कापावे. हा धागा पात्याची धार लवकर मारतो. टोक जाळून बंद करू नये, कारण वितळलेला टणक गोळा पुढे वेणीत अडतो. टोकापासून 72 सेंटीमीटर अधिक उतरणीची लांबी मोजून मार्करने पहिली खूण करावी, थिंबलभोवती लागेल तेवढा दोर सोडून दुसरी. नळीचे बंद थिंबल असेल, तर दोर आधी त्यातून ओवून घ्यायचा. हे विसरून सगळा जोड पुन्हा उसवण्याची वेळ प्रत्येकावर एकदा येते. आता दुसऱ्या खुणेपाशी सहा पेड एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला राहतील असे वेणीत भोक पाडून शेपूट त्यातून आरपार काढावे, दोन्ही खुणा भिडेपर्यंत. मग पहिल्या खुणेपाशी शेपटात तसेच भोक पाडून दोराचे दुसरे, लांबचे टोक त्यातून ओढून घ्यावे. वीस मीटर दोर एका भोकातून ओढणे कंटाळवाणे आहे, पण दोर ड्रमवरून उतरवलेलाच असल्याने शक्य आहे. दोन्ही बाजूंनी ओढले की एकमेकांतून गेलेल्या वेण्यांचे कुलूप बसते. याला ब्रमेल म्हणतात. हे कुलूप भार घेण्यासाठी नसते. दोर सैल असताना, भाराचा दाब नसताना, शेपूट सरकून बाहेर येऊ नये एवढेच त्याचे काम. दोर ड्रमला तसाच ठेवून, वेणी उलटवून हे कुलूप करण्याचीही एक युक्ती आहे, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

यानंतर उतरण. शेपटाच्या शेवटच्या पंचवीस सेंटीमीटरमध्ये दर तीन सेंटीमीटरवर एक पेड बाहेर ओढून कापावा, एकदा डावा, एकदा उजवा, असे करत टोकाला चारच पेड उरू द्यावेत. हे केले नाही, तर लपवलेले शेपूट जिथे संपते तिथे दोराची जाडी एकदम बदलते आणि भार त्याच पायरीवर एकवटतो. मग फिड, म्हणजे पोकळ सुई, घ्यावी. नसेल तर रिफिल काढलेली बॉलपेनची नळी किंवा दुहेरी वाकवलेली बारीक तारही चालते. शेपूट चिकटपट्टीने तिला बांधावे, दोर ढकलून फुगवावा, कुलपाच्या अगदी लगत आत शिरावे आणि सुरवंट चालतो तसे गोळा करत, ढकलत 80-85 सेंटीमीटरवर बाहेर यावे. शेपूट ओढून घेतले की वरची वेणी चोळामोळा झालेली दिसेल. आता एका हाताने आय धरून दुसऱ्या हाताने, गाईचे सड ओढतात तसे, कुलपापासून पुढे दोर सारखा निपटत न्यावा. चार-पाच वेळा असे केल्यावर शेपटाचे टोक आपोआप आत नाहीसे होते. ते नाहीसे झाले नाही, तर कुठेतरी आत गोळा राहिला आहे. शेवटी मेण लावलेल्या जाड दोऱ्याने कुलपाजवळ आरपार सहा-आठ टाके घालून, दोर पाव वळण फिरवून तसेच परत यावे. दोरा घट्ट आवळू नये. वेणीला भाराखाली बारीक व्हायला जागा हवी.

दोन टोके जोडायची असतील तर तत्त्व हेच. प्रत्येक टोकावर 72 सेंटीमीटरवर खूण करायची, दोन्ही शेपटांना उतरण द्यायची, आणि खुणेपाशी एकाचे शेपूट दुसऱ्यात, दुसऱ्याचे पहिल्यात लपवायचे. दोन्ही दोरांत पीळ पडलेला नसावा आणि मधल्या सांध्यात फट राहू नये. जोडाची जागा दीड मीटरभर थोडी जाड राहते, पण हॉस, म्हणजे रोलर नसलेल्या गुळगुळीत तोंडाच्या, फेअरलीडमधून ती सहज जाते. रानात दोर तुटल्यावर हाच जोड पाऊण तासात करता येतो, म्हणून फिड, पाते, मार्कर, चिकटपट्टी आणि सुईदोरा मी गाडीत हवेच्या पंपाशेजारी ठेवतो.

दुरुस्ती झाल्यावर दोर लगेच गुंडाळण्याची घाई करू नका. आधी फेअरलीड तपासा. त्याच्या ओठांवरून सगळीकडे जुना नायलॉनचा मोजा फिरवा. तो जिथे अडकेल तिथे ओरखडा आहे, आणि तोच ओरखडा उद्या नव्या आयलाही खाणार. ॲल्युमिनियमचा फेअरलीड असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती जागा गुळगुळीत होते. मात्र पूर्वी पोलादी दोर चालवलेला रोलर असेल, तर तो बदलाच. पोलादी तारांनी पाडलेल्या खाचा पेपरने जात नाहीत, आणि ड्रमच्या कडांवरही तशाच खाचा असू शकतात.

दोर ड्रमवर परत गुंडाळताना भाराखाली गुंडाळावा. सपाट किंवा किंचित चढाच्या जागी टोक एखाद्या भक्कम खांबाला बांधून, गाडीच्या ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून, गाडी दोरावरच पुढे सरकू द्यावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसतो आहे ना, हे दुसऱ्या माणसाने लांबून पाहावे. सैल गुंडाळलेल्या दोरावर पहिली जोराची ओढ बसली की वरचा थर खालच्या थरांच्या मध्ये घुसतो, आणि तो काढताना जे घासते तेही पुन्हा दुरुस्तीतच जमा होते. पुढे मोकळा दोर सोडताना विंचचा क्लच सोडून हाताने ओढावा, मोटारीने सोडू नये; आणि विंचने गाडी उतारावरून उतरवणे टाळता येत नसेल, तर थोडे उतरवून ड्रम थंड होऊ द्यावा. दुरुस्त केलेल्या दोरावर मी शक्यतो स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजूने उघडून दोर घालता येणारी कप्पी, लावून दुहेरी ओढच घेतो. वेग निम्मा होतो, पण दोरावरचा ताणही जवळजवळ निम्मा होतो. फक्त ब्लॉक ज्याला अडकवला आहे त्याच्यावर दोन्ही दोरांचा मिळून भार येतो, हे ध्यानात ठेवून झाड आणि पट्टा निवडावा.

नव्या आयवर पहिला भार टप्प्याटप्प्याने द्या. शेपूट जिथे वेणीत शिरते, तिथे दोन्ही वेण्यांवर मिळून एक आडवी रेघ मार्करने ओढा, दोरावर जाड चादर टाका, सगळ्यांना दोराच्या रेषेपासून दूर उभे करा, आणि सपाटीवर हँडब्रेक लावलेली गाडी हळूच ताण येईपर्यंत ओढा. पहिल्या ताणात जोड दोन-तीन मिलिमीटर बसतो, ते ठीक आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या ताणानंतरही रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब जात राहिले, तर लपवलेली लांबी कमी पडली आहे किंवा शेपूट आत दुमडले आहे. टाके कापून, शेपूट बाहेर काढून, तो जोड पुन्हा पहिल्यापासून करा.